मुलांची माहिती शाळेतून किंवा क्लासमधून फुटली तर: तक्रार कुठे आणि कोणत्या क्रमाने

"मॅडम, मुलाला फिजिक्सला 61 पडलेत ना? आमची रिपीटर बॅच सोमवारपासून आहे."

आमच्या सोसायटीतल्या एका आईला निकालानंतर चौथ्या दिवशी हा फोन आला. मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज. त्यात मुलाचं आडनाव चुकीचं लिहिलं होतं, आणि नेमकी तीच चूक त्याच्या आधीच्या क्लासच्या फीच्या पावतीवर होती. माहिती कुठून बाहेर गेली हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती. त्यांनी सायबर पोर्टलवर तक्रार टाकली आणि वाट बघत बसल्या. आठ महिन्यांनी माझ्याकडे आल्या तेव्हा मेसेज डिलीट झालेला, क्लासच्या अ‍ॅपवरचं गोपनीयता धोरण बदललेलं आणि पावती "घरात कुठेतरी".

बहुतेक पालकांचं इथेच चुकतं. पोलिसांत तक्रार केली की सगळं झालं असं वाटतं. पोलीस गुन्हेगार शोधतात, भरपाई देत नाहीत. ग्राहक आयोग भरपाई देतो, पण कुणाला अटक करत नाही. खुलासा फक्त संस्थाच देऊ शकते, आणि नव्या डेटा संरक्षण कायद्याखाली दंड करणारं मंडळ तुमच्या हातात एक रुपयाही ठेवणार नाही. ज्याचं काम त्याच्याकडेच न्यावं लागतं, आणि त्यालाही क्रम आहे.

## टप्पा 1: पहिल्या दिवशी पुरावा

मेसेज, ईमेल, कॉल लॉग यांचे स्क्रीनशॉट घ्या. तारीख, वेळ आणि पूर्ण नंबर दिसला पाहिजे. नंबर नावाने सेव्ह केला असेल तर स्क्रीनशॉटमध्ये नुसतं नाव येतं, म्हणून कॉन्टॅक्ट उघडून नंबर दिसेल असा वेगळा फोटो घ्या. ईमेल फॉरवर्ड करू नका, मूळ ईमेल इनबॉक्समध्येच राहू द्या. तो कुठून आला ते सांगणारी माहिती मूळ प्रतीतच असते.

मग संस्थेची बाजू गोळा करा: प्रवेश अर्जाची प्रत, फीच्या पावत्या, अ‍ॅपच्या अटी आणि गोपनीयता धोरण. धोरणाचं पान आजच्या तारखेने पीडीएफ करून ठेवा. प्रकरण तापलं की हे पान बदलतं, आणि नंतर "आम्ही असं कधी म्हटलंच नव्हतं" हे ऐकावं लागतं.

माहिती याच संस्थेतून गेली हे दाखवणारी एखादी खूण शोधा. चुकीचं स्पेलिंग, फक्त तिथेच दिलेला जुना नंबर, फक्त त्यांच्याच अर्जात लिहिलेला पत्ता. अशी एक खूण पन्नास स्क्रीनशॉटना भारी पडते.

सावधान: फुटलेली फाइल टेलिग्रामवर किंवा एखाद्या लिंकवर दिसली तर ती डाउनलोड करू नका आणि पालकांच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. तिच्यात इतरांच्याही मुलांची माहिती असते, आणि उद्या ती पसरवणाऱ्यांत तुमचं नाव येऊ शकतं. लिंकचा पत्ता, चॅनेलचं नाव आणि वेळ टिपलीत तरी पुरे.

सावधान: मुलाचा किंवा मुलीचा अश्लील किंवा तसा बनवलेला फोटो फिरत असेल तर हा सगळा क्रम सोडा. फोटोची प्रत काढू नका, लिंक घेऊन थेट पोलीस ठाण्यात जा. तिथे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67ब आणि पोक्सो लागतो. 1098 ही चाइल्ड हेल्पलाइनही आहे.

तपासा: ज्या फोनवर मेसेज आला तो विकू नका, रीसेट करू नका. कोर्टात डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं जातं.

## टप्पा 2: नेमकं काय फुटलं, ते लिहून काढा

हा टप्पा पालक गाळतात आणि पुढे तिथेच अडकतात. "सगळी माहिती लीक झाली" या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही.

एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे नाव, पत्ता, मोबाइल, जन्मतारीख, गुण, फोटो. उजवीकडे पासवर्ड, बँक खातं किंवा कार्डाचा तपशील, आजार आणि वैद्यकीय नोंदी, बोटांचे ठसे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2011 च्या नियमांनुसार "संवेदनशील" माहिती म्हणजे ढोबळमानाने उजवा रकाना. त्याच कायद्याच्या कलम 43अ खालची, सुरक्षेतल्या हयगयीची भरपाई याच रकान्यावर उभी राहते. तुमच्या प्रकरणात फक्त नाव, नंबर आणि गुण गेले असतील तर त्या कलमावर वेळ घालवू नका. ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, त्याबद्दल पुढे.

तिसरा रकाना नुकसानीचा. खात्यातून गेलेली रक्कम, नवीन सिम आणि कागदपत्रांचा खर्च, बुडालेले कामाचे दिवस, समुपदेशकाची फी. प्रत्येकापुढे पावती आहे की नाही तेही लिहा. नुसता मनस्ताप झाला असेल तर तसंच लिहा, फुगवू नका. उलटतपासणीत फुगवलेला आकडा आधी फुटतो.

## टप्पा 3: आधी नुकसान थांबवा

पैसे गेले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी 1930 ला फोन करा, मग बँकेला. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात, म्हणून इथे मिनिटं मोजायची.

आधारची प्रत संस्थेकडे होती? मग मुलाचं आणि स्वतःचं बायोमेट्रिक लॉक करा. ते आधारच्या अ‍ॅपवरून किंवा संकेतस्थळावरून होतं. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते बघा, अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येतो. शाळेच्या अ‍ॅपचा पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर सगळीकडे बदला. मुलांचे पासवर्ड बहुधा घरातल्या कुत्र्याच्या नावावर असतात आणि ते सगळ्या वर्गाला पाठ असतं.

## टप्पा 4: संस्थेला लेखी पत्र

मुख्याध्यापकांना भेटून "सर, बघा ना जरा" असं म्हणणं म्हणजे तक्रार नव्हे. पत्र द्या, दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. घ्यायला नकार दिला तर वाद न घालता तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा. अ‍ॅपवाली कंपनी असेल तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. अशा अधिकाऱ्याचं नाव संकेतस्थळावर देणं आणि तक्रार एका महिन्यात निकाली काढणं 2011 च्या नियमांनी कंपन्यांवर बंधनकारक केलं आहे. नाव दिलेलंच नसेल तर त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. तोही पुरावाच.

पत्र एका पानापेक्षा मोठं नको. साधारण असं:

"माझी मुलगी आपल्याकडे इयत्ता 9 वी, तुकडी ब मध्ये शिकते. दि. ___ रोजी ___ या क्रमांकावरून मला आलेल्या मेसेजमध्ये तिचा पत्ता, गुण आणि माझा क्रमांक होता. ही माहिती मी केवळ आपल्या प्रवेश अर्जात दिली होती. पुढील बाबींचा लेखी खुलासा एका महिन्यात करावा: माझ्या मुलीची कोणती माहिती बाहेर गेली, केव्हा गेली आणि आपणांस केव्हा कळले, ती कोणत्या बाहेरच्या कंपनीकडे ठेवली होती, सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवले का, कधी, पुढे काय उपाय केले. या प्रकरणाशी संबंधित सर्व नोंदी जपून ठेवाव्यात, नष्ट करू नयेत."

शेवटचं वाक्य गाळू नका. सर्व्हरवरच्या नोंदी कायम राहत नाहीत, आणि पत्र मिळाल्यानंतर त्या पुसल्या गेल्या तर संस्थेला ते अंगावर येतं. सर्ट-इनचा प्रश्न मुद्दाम घातला आहे. एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार डेटा फुटल्याचं लक्षात आल्यापासून 6 तासांत तिकडे कळवायचं असतं. पुष्कळ संस्थांनी हे नावही ऐकलेलं नसतं आणि उत्तराच्या मसुद्यात ते लगेच कळतं.

तपासा: मुलगा 18 वर्षांचा झालाय का? झाला असेल तर इथून पुढे सगळीकडे सही त्याची. बारावीतली आणि कॉलेजमधली निम्मी मुलं या रेषेपलीकडे असतात आणि अर्ज मात्र बाबांच्या नावाने जातात. लहान असेल तर अर्जदार म्हणून मुलाचंच नाव, पुढे "अ.पा.क." (अज्ञान पालनकर्ता) आणि तुमचं नाव.

नेहमीची चूक: पत्रात "मी तुम्हाला कोर्टात खेचीन, चॅनेलवर जाईन" असं लिहिणं. धमकी वाचून संस्था थेट वकिलाकडे जाते आणि खुलासा बंद होतो. साध्या प्रश्नांना मात्र एखादा क्लार्क खरी उत्तरं देऊन जातो.

## टप्पा 5: पोलीस

खंडणी, तोतयेगिरी, पैशांची फसवणूक असेल तर टप्पा 4 च्या महिन्याची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. नुसत्या जाहिरातीच्या फोनची गोष्ट असेल तर आधी पत्र, मग पोलीस.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकली की पोचक्रमांक मिळतो. तो एफआयआर नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहिती देता येते, पण 3 दिवसांच्या आत पोलीस ठाण्यात जाऊन सही करावी लागते. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, तुमच्या जवळच्या ठाण्याला नोंद घ्यावी लागते.

तक्रारीत कलमं घातली तर बोलणं सोपं जातं. बाहेरच्याने घुसून माहिती चोरली असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 43 सोबत 66. संस्थेच्या किंवा तिच्या कंत्राटदाराच्या माणसाने कराराने मिळालेली माहिती बाहेर दिली असेल तर 72अ. मुलाच्या नावाचा किंवा ओळखीचा गैरवापर झाला असेल तर 66क आणि 66ड. यांना 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि हे गुन्हे दखलपात्र आहेत, त्यामुळे "कोर्टातून आदेश आणा" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. तपास मात्र निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचाच अधिकारी करू शकतो. ठाण्यात हवालदाराने अर्ज घेतला तरी तो पुढे कुणाकडे दिला ते विचारून घ्या.

नोंद घेत नसतील तर जिल्ह्याच्या अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने (शहरात आयुक्तालय असेल तर संबंधित उपायुक्तांना), आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. ही पायरी गाळून थेट दंडाधिकाऱ्यांकडे गेलात तर अर्ज परत येतो.

एप्रिल 2023 मध्ये एमपीएससीच्या संयुक्त पूर्वपरीक्षेची 90 हजारांहून अधिक प्रवेशपत्रं टेलिग्रामवर आली होती. तेव्हा तक्रार आयोगाने केली आणि नवी मुंबईच्या सायबर पोलिसांनी तपास केला. संस्था स्वतः फिर्यादी झाली की पालक निर्धास्त होतात, पण त्या फिर्यादीत तुमच्या मुलाला नंतर आलेला धमकीचा फोन नसतो. त्याची तक्रार तुमची तुम्हीच द्यायची, आणि त्यात मूळ गुन्ह्याचा क्रमांक लिहायचा.

## टप्पा 6: भरपाई

इथे रस्ता फुटतो. एकाच नुकसानीसाठी दोन्हीकडे एकदम जाऊ नका.

ग्राहक आयोग. कोचिंग क्लास आणि पैसे घेऊन शिकवणारं अ‍ॅप यांच्यासाठी माझी पहिली पसंती हीच. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या व्याख्येत, ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं ही "अनुचित व्यापारी प्रथा" आहे. म्हणजे नाव, नंबर आणि गुणसुद्धा यात बसतात, टप्पा 2 मधला डावा रकाना इथे वाया जात नाही. शिवाय तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी बंगळुरूची असली तरी तुम्ही सांगलीतच दाखल करायची. दिलेली फी 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत 2 वर्षं. अनेक पालकांची तक्रार सारखीच असेल तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकत्र तक्रार करता येते, खर्चही वाटला जातो.

अडचण शाळा-कॉलेजची. शिक्षण देणं ही "सेवा" नाही असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत, आणि राष्ट्रीय आयोगाने जानेवारी 2020 मध्ये मनू सोलंकी प्रकरणात शैक्षणिक संस्थांना कायद्याबाहेर ठेवून कोचिंग क्लासना मात्र आत ठेवलं. त्यामुळे नियमित शाळेविरुद्ध तिथे गेलात तर पहिला आक्षेप हाच येईल. माहिती शाळेच्या अ‍ॅप पुरवणाऱ्या खासगी कंपनीकडून फुटली असेल तर तिला प्रतिवादी करता येतं का, हे पैसे तुम्ही कंपनीला भरले की शाळेला यावर फिरतं. पावती बघा.

अ‍ॅडज्युडिकेटिंग ऑफिसर. हे नाव फार थोड्या पालकांना माहीत असतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 46 खाली 5 कोटींपर्यंतचे दावे ऐकण्याचा अधिकार राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांना आहे, म्हणजे आपल्याकडे मंत्रालयात. हे दात नसलेलं पद नाही. 2013 मध्ये पुण्याच्या एका कंपनीच्या खात्यातून फसवून पैसे वळवले गेले, तेव्हा याच अधिकाऱ्यांनी पंजाब नॅशनल बँकेला 45 लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता. प्रकरण बँकेचं होतं, पण सुरक्षेतल्या हयगयीचा मुद्दा तोच.

इथे कलम 43अ साठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: माहिती संवेदनशील होती, संस्थेने वाजवी सुरक्षा ठेवली नाही, आणि त्यातून नुकसान झालं. तिन्ही असतील तरच या. याच कायद्याखालच्या 2003 च्या नियमांतल्या नमुन्यात अर्ज करायचा, शुल्क दाव्याच्या रकमेवर. 50 हजारांपासून 1 लाखापर्यंत 3,000 रुपये अधिक 50 हजारांवरच्या रकमेच्या 4 टक्के, 1 लाखावर 5,000 अधिक वरच्या रकमेच्या 2 टक्के. म्हणजे 3 लाखांचा दावा असेल तर 9,000 रुपये. "50 लाख लावून टाकू, मिळतील तेवढे मिळतील" असं म्हणणाऱ्यांनी आधी हा गुणाकार करावा. शक्यतो 4 महिन्यांत आणि फार तर 6 महिन्यांत निकाल, असं नियम म्हणतो. कागदावर. अपील 45 दिवसांत टीडीसॅट या न्यायाधिकरणाकडे.

सावधान: या दाव्यासाठी दिवाणी न्यायालयात जाऊ नका. 5 कोटींपर्यंतच्या अशा दाव्यांना कलम 61 ने तिथे दार बंद केलं आहे.

## टप्पा 7: शाळा सरकारी असेल तर

जिल्हा परिषदेची शाळा, महापालिकेची शाळा, सरकारी पोर्टल. इथे 43अ लागू करणं अवघड, कारण ते कलम व्यावसायिक काम करणाऱ्या कंपन्या-संस्थांसाठी आहे. अनेकदा चोरही नसतो. दीक्षा या सरकारी शिक्षण अ‍ॅपच्या बाबतीत जानेवारी 2023 मध्ये उघड झालं ते असं: सुमारे 6 लाख विद्यार्थ्यांची माहिती क्लाउडवर नुसती उघडी पडलेली होती.

अशा वेळी माहिती अधिकाराचा अर्ज करा. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. टप्पा 4 मधलेच प्रश्न, पण "का" विचारू नका, कागद मागा: पोर्टल चालवणाऱ्या कंपनीशी झालेल्या कराराची प्रत, सर्ट-इनला पाठवलेल्या अहवालाची तारीख, सुरक्षा तपासणी कधी झाली त्याची नोंद. अनुदानित शाळांनाही हा मार्ग चालतो. उत्तर हाती आल्यावरच उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेचा विचार करा. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा 24 ऑगस्ट 2017 चा पुट्टस्वामी निकाल हा तिचा पाया. ते काम मात्र वकिलाचंच.

## नवा कायदा आणि मे 2027

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि त्यातली मुख्य कलमं 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होणार आहेत. तेव्हापासून संस्थेला डेटा फुटल्याचं प्रत्येक बाधित कुटुंबाला विनाविलंब कळवावं लागेल, 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची खातरजमा केलेली संमती लागेल, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास 250 कोटींपर्यंत दंड होऊ शकेल.

हा आकडा वाचून पालक हरखतात. दंड सरकारी तिजोरीत जातो, तुम्हाला नाही. आणि त्याच दिवशी 43अ कायद्यातून वगळलं जाणार आहे. तुमचं प्रकरण उजव्या रकान्यातलं असेल आणि नुकसानीच्या पावत्या असतील, तर "नवा कायदा येऊ दे, मग बघू" म्हणत थांबू नका. नव्या मंडळाकडे जायचं झालं तरी आधी संस्थेकडे तक्रार केलेली असावी लागते, म्हणजे टप्पा 4 चुकत नाहीच.

## तडजोडीला बोलावलं तर

बहुतेक प्रकरणं इथे येतात. ट्रस्टी चहा मागवतात, पुढच्या वर्षाची फी माफ करतो म्हणतात आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवतात. त्यात "यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही" असं वाक्य असतंच. तिथल्या तिथे सही करू नका, प्रत घरी आणा. त्या वाक्यापुढे पेनाने हे जोडून द्या: "या माहितीच्या गैरवापरामुळे भविष्यात होणारे नुकसान वगळून." दोन्ही प्रतींवर, दोघांच्या सहीसह. आणि पोलीस तक्रार मागे घेण्याची अट कागदात असेल तर तो कागद आधी वकिलाला दाखवा.

सोसायटीतल्या त्या बाईंनी शेवटी ग्राहक आयोगात तक्रार केली. पावती सापडली, मिक्सरच्या वॉरंटी कार्डात घडी करून ठेवलेली, चुकलेल्या आडनावासकट. 2 वर्षं व्हायला चार महिने बाकी होते.